तेजूच्या गालाखालचं लाकूड

मित्रांनो, गिटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सहा तारांची, नखरेल, गळ्यात पट्टा अडकवून मिरवणारी गिटार येते. ती मी नव्हे. मला चारच तारा आहेत, मान लांब आहे आणि अंगाने मी चांगली जाडजूड आहे. मला बास गिटार म्हणतात. गाण्यातला सर्वांत खालचा, घुमणारा सूर मी धरते. मी वाजत असते तेव्हा माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी थांबले की मात्र सगळे म्हणतात, 'अरे, गाण्यात काहीतरी कमी झालं!' घरातल्या आईचं असतं ना, तसंच आहे हे. आता मी जुनी झाले आहे. नाशिक रोडला स्टेशनाजवळच्या एका इमारतीत, कपाटाच्या कडेला माझी जागा आहे. तिथून मी तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यात झाला. कारागिरांनी माझं अंग जाड फळीतून कापलं, मानेवर पितळी पट्ट्या बसवल्या आणि मानेच्या पोटात एक लोखंडी सळई घातली. ही सळई फार महत्त्वाची, बरं का. तारा मानेला सतत पुढे ओढत असतात आणि सळई तिला मागे धरून ठेवते. दोघींचं भांडण बरोबरीचं राहिलं की मान सरळ राहते. एकीचा जोर वाढला की झालाच घोटाळा.

तिथून मी नाशिकला आले, मेन रोडजवळच्या गल्लीत, चिमाजीच्या दुकानात. चिमाजी पेटीचे भाते दुरुस्त करतो, ढोलक्या ओढून देतो आणि गिऱ्हाइकाची चेष्टा फुकट करतो. एके दिवशी दत्तू तिथे आला. तो मूळचा इगतपुरीकडचा, भाताच्या खाचरांत वाढलेला, नुकताच रेल्वेच्या पार्सल खात्यात लागलेला. त्याला सहा तारांची गिटार हवी होती. चिमाजीने त्याचे हात पाहिले आणि हसू लागला.

"दत्तूभाऊ, ही बोटं आहेत की केळ्याचा घड? त्या नाजूक बाईचं तुझ्याशी पटायचं नाही. ही घे."

दत्तूने मला मांडीवर घेतलं आणि सर्वांत जाड तार छेडली. माझा आवाज त्याच्या पोटात घुमला. त्याने तीच तार पुन्हा छेडली. मग म्हणाला, "लय खोल आवाज हाय हिचा. द्या हीच."

अशी मी त्याची झाले. सोमनाथ नावाच्या त्याच्या मित्राचा ऑर्केस्ट्रा होता. सोमनाथ कीबोर्ड वाजवायचा, दत्तू मला. गणपतीत, नवरात्रात, गावोगावच्या हळदीत आम्ही वाजवलं. लोक गायिकेला टाळ्या द्यायचे, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मारायचे. मला कुणी काही दिलं नाही. पण सोमनाथ म्हणायचा, "दत्तू मागे उभा आहे म्हणून आपली गाडी रुळावर आहे." मला तेवढं पुरायचं. खंडेनवमीला दत्तू मला पाटावर ठेवायचा, हळदीकुंकू लावायचा, झेंडूचं फूल वाहायचा. त्या दिवशी मला वाजवायचं नाही, नुसता नमस्कार करायचा. तो दिवस मला फार लांबलचक वाटायचा.

पुढे दत्तूचं लग्न झालं. आशावहिनी आमच्या घरी आल्या आणि मग तेजस्विनीचा जन्म झाला. तिला सगळे तेजू म्हणू लागले. तेजू वर्षाची झाली तरी हाकेला वळेना. कुकरची शिट्टी झाली तरी दचकेना. डॉक्टरांनी सांगितलं, तिला ऐकू येत नाही, येणारही नाही. कानाला यंत्र लावून पाहिलं, तर त्यातून तिला नुसती कलकल लागायची आणि ती ते ओरबाडून काढायची.

त्यानंतर दत्तूने माझी पिशवी कितीतरी दिवस उघडली नाही. ज्या आवाजासाठी तो एवढा जीव टाकायचा, तो आपल्या मुलीला कधीच कळणार नाही, हे त्याला सहन होत नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. वाईट मात्र फार वाटलं.

एका संध्याकाळी त्याने मला बाहेर काढलं. स्पीकरला वायर न जोडता तो जमिनीवर बसून वाजवू लागला. वायर नसली की माझा आवाज शेजारच्या माणसालाही धड ऐकू येत नाही, पण माझं लाकूड थरथरतं. तेजू रांगत रांगत आली आणि माझ्या अंगाला धरून उभी राहायला लागली. तोल गेला आणि तिचा गाल माझ्या खांद्यावर टेकला. त्याच वेळी दत्तूने जाड तार छेडली.

तेजू जागच्या जागी थांबली. तिने डोळे मोठे केले. तार शांत झाली तशी तिने बापाकडे पाहिलं आणि माझ्या लाकडावर आपल्या इवल्या हाताने दोन चापट्या मारल्या.

"आशा! अगं इकडं ये!" दत्तू ओरडला. "हिला लागलं! हिला माझं वाजवणं लागलं!"

आशावहिनी पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या. दत्तूने पुन्हा तार छेडली आणि तेजू खुदकन हसली. वहिनी तिथेच खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. मित्रांनो, मी मोठमोठ्या मांडवांत वाजले आहे, पण माझं वाजणं त्या दिवशी सार्थकी लागलं.

मग तो रोजचाच खेळ झाला. दत्तू कामावरून आला, हातपाय धुतले की आम्ही तिघं खिडकीखाली बसायचो. तेजूने माझ्या चारही तारांना नावं दिली होती, खुणांची नावं. सर्वांत जाड तार म्हणजे आगगाडी, ती तिला पोटापर्यंत लागायची. तिच्यापुढची म्हैस, मग बेडूक आणि सर्वांत बारीक ती चिमणी. चिमणी तिला दातांत लागायची. तेजू डोळे गच्च मिटून माझ्या खांद्यावर गाल टेकायची. दत्तू तार छेडायचा आणि तिने ओळखायचं, डोक्यावर शिंगं केली की म्हैस, दोन बोटांची चोच केली की चिमणी. कधी चुकायची नाही. सोमनाथने एकदा मोठा स्पीकर आणून लावला होता. जमीन हादरली, खालच्या मजल्यावरचे लोक वर आले आणि तेजूने खुणेने सांगितलं, 'यात सगळ्या म्हशीच आहेत.' तेव्हापासून स्पीकर घरात आला नाही.

तेजू कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाऊ लागली. तिथे ती बोटांची भाषा शिकली आणि तिच्याकडून दत्तू शिकला. त्याची जाडजूड बोटं सुरुवातीला फार अडखळायची. 'आज भाजी कोणती' विचारायला जायचा आणि भलतंच काही विचारायचा. तेजू पोट धरून हसायची. पण हळूहळू बापलेकींच्या अशा गप्पा रंगायच्या की आशावहिनी म्हणायच्या, "अहो, जेवताना तरी हात गप्प ठेवा दोघांनी."

आणि मग दत्तूची बोटं दुखू लागली.

सकाळी उठला की बोटं आखडलेली असायची. गरम पाण्यात धरली की जरा सुटायची. त्याने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण याची मूठ धड झाकता येईना आणि धड उघडताही येईना. कार्यक्रमात त्याचे सूर सुटू लागले. माझ्या तारा पट्टीवर दाबल्या जाईनात आणि मी नुसती खरखरत राहिले. सोमनाथने बरेच दिवस सांभाळून घेतलं. शेवटी एकदा म्हणाला, "दत्तू, तू जरा आराम कर. हल्ली कीबोर्डमध्येच बास असतो, मी डाव्या हाताने काढतो."

दत्तू म्हणाला, "बरं." माझी पिशवी खांद्याला लावली आणि घरी आला. एवढ्या वर्षांचं काम एका 'बरं'मध्ये संपलं. मला सोमनाथचाही राग आला नाही. त्याचं खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी सांधेवात सांगितला. "बरा होणारा नाही, सांभाळायचा आहे," ते म्हणाले. "बोटांवर जोर देऊ नका. जितका जोर द्याल तितकी बोटं लवकर वाकडी होतील."

पण दत्तू ऐकेना. "कार्यक्रम गेला तर जाऊ दे," तो वहिनींना म्हणाला. "संध्याकाळचं पोरीसाठीचं वाजवणं मी नाय सोडायचो." माझ्यावर त्या वेळी सर्वांत जाड, सर्वांत ताणलेल्या तारा होत्या. त्या दाबताना तो ओठ दाताखाली धरायचा. तेजूचे डोळे मिटलेले असायचे, त्यामुळे तिला ते दिसायचं नाही. पण तिला दुसरं एक दिसत होतं. बापाचं बोटांचं बोलणं अडखळायला लागलं होतं. लांबलचक गोष्ट सांगणारा बाप आता दोन खुणांत आटोपायचा आणि हात मांडीखाली घ्यायचा.

शेवटी वहिनी त्या दोघांना आणि मला घेऊन चिमाजीकडे गेल्या. चिमाजीने माझ्या तारांवरून बोट फिरवलं.

"दत्तूभाऊ, या तारा नाहीत, साखळदंड आहेत. उतरव आधी."

"बारीक तारा दे मग," दत्तू म्हणाला.

"बारीक तार बोटात रुतते, बाबा. तुला बारीक नको, कमी ताणाची हवी." त्याने दोन पाकिटं पुढे ठेवली. "ही बघ. हिच्या पोटातली तार मऊ आहे. सुरात लावली तरी हिला ताण कमी लागतो. नुसतं बोट टेकवलं की दबते."

दत्तूने ती तार दाबून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "लय मिळमिळीत वाटते. ही म्हाताऱ्यांची तार हाय."

"आवाज तोच राहील ना?" वहिनींनी विचारलं.

"कानाला फरक कळायचा नाही, वहिनी," चिमाजी म्हणाला, आणि ते खरंच होतं.

दत्तूचा हात जुन्या जाड तारांच्या पाकिटाकडे गेला. तेव्हा तेजूने त्याचा हात धरला. तिने त्याची सुजलेली बोटं एकेक करून आपल्या तळव्यात घेतली आणि मऊ तारांचं पाकीट उचलून त्यांवर ठेवलं. दत्तू हसला. "मालकीणबाईंचा हुकूम," तो म्हणाला. मऊ तारा निवडल्या गेल्या. कानाचा विचार झाला, बोटांचा विचार झाला. गालाचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

चिमाजीने तारा चढवल्या, पण माझ्या मानेतली सळई सैल करायला तो विसरला. मऊ तारांची ओढ कमी आणि सळईचा जोर पूर्वीचाच. माझी मान मागे वाकली, तारा पट्ट्यांना घासू लागल्या आणि घरी येताच मी बेसूर गुणगुणू लागले. त्या संध्याकाळी तेजूने गाल टेकवला आणि नाक मुरडून सांगितलं, 'मुंग्या येतात.' सगळ्या तारांच्या मुंग्याच. आगगाडी नाही, चिमणी नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तू मला परत घेऊन गेला. चिमाजीने जीभ चावली, सळई सैल केली, मान सरळ केली. "ऐक आता," तो म्हणाला. काय गोड आवाज लागला माझा! गोल, मऊ, लोण्यासारखा. दत्तूचं बोट नुसतं टेकलं की सूर. त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. "चिमाजी, तू देव हायेस," तो म्हणाला.

मला मात्र आतून कळलं होतं. मित्रांनो, जोरात ताणलेली तार लाकडाला धरून हलवते. ही मऊ तार आपल्याशीच झुलत होती. माझ्या खांद्यापर्यंत तिचं काहीच पोचत नव्हतं. खरखर होती तोवर मुंग्या तरी होत्या. खरखर गेली आणि मुंग्याही गेल्या.

तेजूने गाल टेकवला. दत्तूने जाड तार छेडली. तेजू वाट बघत राहिली. मग तिने हळूच डोळे उघडले, बापाच्या बोटाकडे पाहिलं आणि खूण केली, 'आगगाडी.'

"लागली का?" दत्तूने खुणेने विचारलं.

तिने जोरजोरात होकाराची मान हलवली.

त्या दिवसापासून तेजू तो खेळ डोळे उघडे ठेवून खेळू लागली. गाल माझ्यावर टेकलेला, नजर तिरकी, बापाच्या बोटांवर. तो कोणती तार छेडतो ते बघायचं आणि नाव सांगायचं. दत्तूला वाटलं, पोर मोठी झाली, आता डोळे मिटून काय बसेल. तो आनंदात होता. त्याची बोटंही जरा सुटू लागली होती. दुधाची तहान ताकावर भागवणं म्हणतात ना, तसंही नव्हतं ते. तेजूपुढे नुसता रिकामा पेला होता आणि ती तो तोंडाला लावून 'गोड आहे' म्हणत होती. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, 'दत्तू, अरे, हिला काही लागत नाही!' पण माझा आवाज त्याच्याच बोटांत होता.

एकदा पावसाळी दिवसांत त्याची बोटं फारच आखडली. त्याने चिमणीवर बोट नेलं, पण ते तारेला लागलंच नाही, वरूनच निसटून गेलं. मी गप्प होते.

तेजूने दोन बोटांची चोच करून दाखवली. 'चिमणी.'

दत्तू तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मुद्दाम बोट म्हशीच्या वर नेलं, तारेला न लावता हवेतच हलवलं. तेजूने डोक्यावर शिंगं केली आणि हसली. दत्तूही हसला. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.

"काय झालं हो?" वहिनींनी विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. "पोरगी आपल्याला फसवते, आशा. आपल्यासाठीच फसवते."

पुढच्या सुट्टीला तो एकटाच बाहेर गेला आणि जाड तारा घेऊन आला. मला ज्याची भीती होती तेच झालं. चिमाजीकडे न जाता त्याने त्या घरीच चढवल्या. खुंट्या पिळताना त्याच्या कपाळावर घाम आला. सळई तशीच सैल होती, त्यामुळे जाड तारांनी माझी मान पुढे ओढली आणि तारा पट्ट्यांपासून उंच उभ्या राहिल्या. आता त्या दाबायला पूर्वीपेक्षाही जास्त जोर लागणार होता.

त्याने तेजूला बोलावलं आणि खुणेने सांगितलं, 'डोळे मिट.' ती आधी कचरली. मग मिटले.

त्याने जाड तार छेडली. मी अंगभर थरथरले. आगगाडी! ती तिच्या पोटापर्यंत गेली हे मला तिच्या गालातून कळलं. डोळे मिटलेलेच, आणि तिच्या तोंडावर तेच जुनं हसू आलं, रांगत आली होती त्या दिवसाचं. मग म्हैस. मग बेडूक. दत्तू आता पट्ट्यांवर बोटं दाबून एक जुनी चाल वाजवू लागला. एक, दोन, तीन सूर नीट लागले. पण नंतर माझ्या लाकडात आणखी एक थरथर आली. ती तारेची नव्हती. ती त्याच्या हाताची होती.

तेजूला तीही कळली. ज्या गालाला चिमणी आणि बेडूक वेगळे कळतात, त्याला बापाचा हात कळणार नाही का? तिने डोळे उघडले. दत्तूने ओठ दाताखाली धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तो वाजवत होता.

तेजूने आपला तळवा माझ्या चारही तारांवर सपाट ठेवला. मी गप्प झाले.

'अजून एकच,' दत्तूने खूण केली. निदान त्याला तशी करायची होती. त्याचं बोट सरळच होईना. कसलीच खूण उमटेना. तो हात हवेत धरून बसून राहिला.

तेजूने तो हात खाली घेतला, कुशीत धरला आणि हळूहळू चोळला. मग आपल्या बोटांनी अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं, 'वाजवू नकोस. ही बोटं बोलायला ठेव. माझ्याशी कोण बोलेल?'

दाराशी उभ्या असलेल्या आशावहिनींनी तोंड फिरवलं. तेजूने स्वतः माझ्या खुंट्या सोडल्या, जाड तारा उतरवल्या आणि मऊ तारा आणून बापाच्या मांडीवर ठेवल्या.

मित्रांनो, तुम्ही वाद्य सांभाळता तेव्हा मला बरं वाटतं. ते उन्हात ठेवू नका, तारांवरचा घाम पुसत जा, तारा बदलल्या तर मानेतल्या सळईकडेही बघा. पण वाजवणारी बोटं जास्त जपा. तार तुटली तर दुसरी मिळते. आणि घरातलं कुणी 'मला पोचतंय हं' म्हणून हसून मान हलवत असेल, तर त्याला लगेच खोटं पाडू नका. आधी जवळ बसा.

आमची संध्याकाळ अजून होते. दत्तूला जमेल तेव्हा तो मऊ तारांवरून बोट फिरवतो, जमत नाही तेव्हा हवेतच फिरवतो. तेजू तारेचं नाव सांगते. तिला काही लागत नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे. मग तो मला बाजूला ठेवतो आणि दोघं वाकड्या आणि सरळ बोटांनी गप्पा मारत बसतात. कधी कधी बोलता बोलता दत्तूचा डोळा लागतो. तेव्हा तेजू मला जवळ ओढते, माझ्या गप्प लाकडावर गाल टेकते, डोळे मिटते आणि खूप वेळ तशीच थांबते.